ओब्दुलिया आणि एवेलिओची तलवार

कासिल्दाला नसत्या चौकशा करायची खोड होती. हे तिच्या तोंडावर कुणी म्हटलं तर ती म्हणायची, "खोड कसली मेली? देवाने डोळे दिलेत, जीभ दिलीय. आता काय दोन्ही मिटून बसू?" तोलेदोमधल्या आमच्या सांता बार्बरा वस्तीत कुणाकडे नवा सोफा आला, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाच्या कुत्र्याचा पाय लचकला, सगळं तिला आधी कळायचं. पण खरं सांगायचं तर ऐकलेलं इकडचं तिकडे करणारी ती नव्हती. तिला नुसतं कळायला हवं असायचं. कळलं की जीव शांत व्हायचा आणि बाई कांदा चिरायला बसायची.

सोळाव्या वर्षी ती सेद्रोनच्या तलवारींच्या कारखान्यात लागली आणि कारखाना बंद पडेपर्यंत तिथंच राहिली. काम मुठी घासायचं. ओतीव मुठीवर सोनेरी मुलामा चढून आला की ती कातड्याने घासायची, पात्यावर तेलाचं बोट फिरवायची आणि तलवार कागदात गुंडाळून खोक्यात घालायची. या तलवारींनी कधी कुणाचं रक्त काढलेलं नाही, धारच नसते त्यांना. प्रवासी भिंतीवर लावायला नेतात, आणि आमच्याकडे लग्नात केक कापायला लागते. नवरानवरीने एकाच मुठीवर हात ठेवून कापायचा, टाळ्या पडायच्या, मग ती धुऊन पुसून दिवाणखान्यात टांगायची आणि जन्मभर तिच्यावरची धूळ झटकायची. पात्यावर दोघांची नावं आणि लग्नाचं वर्ष कोरलेलं असतं, त्यामुळे कितीही भांडणं झाली तरी टाकून देता येत नाही.

कारखान्यात एक रीत मात्र कडक होती. पातं कुणाला फुकट द्यायचं नाही. सुरी असो, कात्री असो, तलवार असो, भेट म्हणून दिलेलं पातं देणाऱ्या-घेणाऱ्यातलं नातं कापतं. द्यायचंच असेल तर घेणाऱ्याने एक नाणं हातावर ठेवायचं, म्हणजे ती भेट राहत नाही, खरेदी होते. नाणं केवढ्याचं, याला काही महत्त्व नाही. निरोपाच्या दिवशी म्हाताऱ्या सेद्रोनने कासिल्दाला स्वयंपाकाची सुरी दिली, तेव्हा या बाईने रडता रडता आधी पिशवीत हात घालून नाणं शोधलं होतं.

आणि गंमत बघा, जगाच्या लग्नांच्या तलवारी घासणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या लग्नात केक कापला तो हॉलवाल्याच्या तलवारीने. तेवढ्या संध्याकाळपुरती मिळालेली, पात्यावर नाव ना गाव. नवरा दोनातो म्हणायचा, "पुढच्या वर्षी आपली घेऊ." ते पुढचं वर्ष काही उगवलं नाही. पोरगी झाली, नोएलिया, आणि ती शाळेत जायला लागायच्या आधीच दोनातो गेला. तेव्हापासून कासिल्दाने मनाशी एक गाठ बांधून ठेवली होती: पोरीच्या लग्नाची तलवार माझ्या हातची. बाकी कुणाला काय द्यायचं ते देऊ देत.

तर नोएलियाचं लग्न ठरलं. नवरामुलगा गोन्सालो, पोरगा सोन्यासारखा. त्याची आई बेगोन्या माद्रिदची. बाई मनाने वाईट नाही, पण घाई फार, आणि खर्चाला हात सैल. पहिल्याच भेटीत तिने जाहीर करून टाकलं, "तलवार माझ्याकडून हं. सोन्याच्या तारेचं नक्षीकाम केलेली. मी बघूनही ठेवलीय." कासिल्दाने घास परत ताटात ठेवला. तोलेदोत येऊन, तलवारी घासण्यात हाडं झिजलेल्या बाईच्या घरात बसून, माद्रिदची विहीण तलवार देणार! "बघू, बघू," एवढंच ती बोलली आणि पाणी प्यायली.

दुकानांत नव्या तलवारी काय कमी होत्या? पण हातात घेतली की कासिल्दाला ती परकी वाटायची. नखाने खरवडलं तर निघेल, असा मुलामा. तिला सेद्रोनची हवी होती, आणि सेद्रोनला तर केव्हाच कुलूप लागलेलं.

मंगळवारच्या बाजारात भाजी आणि मोज्यांच्या ढिगांपलीकडे जुन्या वस्तूंवाले बसतात. तिथं इलारिओच्या चादरीवर, फुटक्या दिव्यांच्या आणि काचेच्या पेल्यांच्या मध्ये, कासिल्दाला एका तलवारीच्या मुठीच्या टोकाला असलेलं धातूचं डाळिंब दिसलं. तसलं डाळिंब दुसरा कोणताही कारखाना ओतायचा नाही. तिने वाकून तलवार उचलली. पात्यावर वेलबुट्टीच्या चौकटीत लिहिलं होतं, 'ओब्दुलिया – एवेलिओ, १९७४'. त्या साली ती कारखान्यात होती. म्हणजे ही मूठ तिच्याच हातून गेलेली.

"आलीस का तू," ती तलवारीलाच म्हणाली.

"वीस युरो," इलारिओ म्हणाला.

"मी तुझ्याशी बोलले का? आणि वीस? मुलामा बघ किती गेलाय. पंधरा."

"बाई, लग्नाची तलवार आहे."

"दुसऱ्याच्या लग्नाची. मला काय त्यांच्या आठवणी विकतोस?"

शेवटी पंधरावर तुटलं. पण कासिल्दा हलेना. "कुठून आली ही?"

"पोलीगोनो वस्तीतून एक जण खोकं देऊन गेला. हे दिवे, हे पेले आणि ही."

"का दिली? मेलं का कुणी? काडीमोड झाला?"

"विचारलं नाही."

"विचारलं नाही?" कासिल्दा कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघतच राहिली. "लग्नाची तलवार कुणी आणून देतो आणि तू विचारत नाहीस? कसला रे माणूस तू!"

घरी येऊन तिने ती स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली, चष्मा लावला आणि बघायला लागली. बघता बघता तिची भूक पळाली. भिंतीवर टांगलेली तलवार झिजत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मुलाम्यावर काळपट डाग पडतात, नक्षीत धूळ बसते, बस. पण ही मूठ झिजली होती. चार बोटं आणि अंगठा जिथं येतो, नेमका तिथलाच सोनेरी रंग गेला होता. डाळिंबाचा वरचा भाग घासून सपाट झाला होता. पात्याचं टोक बोथट होऊन थोडं दुमडलं होतं, आणि अख्खं पातं, उजेडात धरलं तर, किंचित वाकलं होतं. म्हणजे कुणीतरी ही तलवार रोज हातात धरत होतं. वर्षानुवर्षं. शोभेची, बिनधारेची तलवार! कशासाठी?

तिने ती विळीसारखी धरून बघितली, काठीसारखी टेकून बघितली, सोफ्याखाली घालून बघितली. कशालाही ती झीज जुळेना. डाळिंब तळहाताने एवढं सपाट होणार नाही, त्याला दुसरं काहीतरी घासलेलं होतं. बाईला त्या रात्री धड झोप लागली नाही.

रविवारी जेवायला नोएलिया, गोन्सालो आणि बेगोन्या अशी तिघं आली. कासिल्दाने डुकराच्या मांसाचा आणि मटाराचा रस्सा केला होता. पावाने पुसून ताटं लख्ख झाली, तेव्हा तिने टॉवेलातून तलवार बाहेर काढली.

"ही माझ्याकडून. आपल्या कारखान्याची. पात्याची दुसरी बाजू कोरीच आहे, तिथं तुमची नावं घालून घेते."

नोएलियाने नावं वाचली. "आई, ही दुसऱ्यांची आहे."

"मग काय झालं?"

"काय झालं म्हणजे? त्यांचं काय झालं ते आपल्याला माहीतय का? सुखाचा संसार असता तर लग्नाची तलवार बाजारात आली असती?"

बेगोन्याने मूठ हातात घेतली आणि तिचा चेहरा उतरला. घाईची असली तरी बाईची नजर चांगली. "विहीणबाई, रागावू नका. पण ही मूठ बघा ना. रोज कुणीतरी घट्ट धरायचं हिला. घरात बसून कोण तलवार धरतं रोज? आणि कुणावर धरतं?" ती अगदी हळू म्हणाली, "ती ओब्दुलिया कशी जगली असेल बिचारी."

हा विचार कासिल्दाच्याही डोक्यात येऊन गेला होता, तिने तो हाकलून दिला होता एवढंच.

"मी नाही हात लावणार हिला," नोएलिया म्हणाली. "सॉरी, आई. रडू नकोस."

"कोण रडतंय? कांद्याचा वास आहे घरात." कासिल्दाने तलवार परत टॉवेलात गुंडाळली. मग एकदम म्हणाली, "मी शोधून काढते. त्यांचं काय झालं ते. संसार चांगला झाला असेल तर केक हिनेच कापायचा. वाईट झाला असेल तर विहीणबाईंची तलवार, मी चकार शब्द काढणार नाही. कबूल?"

नोएलियाने बेगोन्याकडे बघितलं. बेगोन्या म्हणाली, "कबूल. पण खरं सांगायचं हं, विहीणबाई."

"मी सगळं करते, खोटं सांगत नाही," कासिल्दा म्हणाली, आणि ते खरंच होतं.

दुसऱ्याच दिवशी ती टॉवेलात गुंडाळलेली तलवार घेऊन बसने पोलीगोनोला गेली. सरळ सरळ इमारती, खाली पावाची दुकानं, झाडांखाली बाकडी. पाववालीकडे तिने नको असलेला पाव घेतला आणि विचारलं, "ओब्दुलिया म्हणून कुणी राहतं का इकडे? नवऱ्याचं नाव एवेलिओ?" पाववाली नवीन होती. औषधाच्या दुकानात तिने नको असलेल्या खोकल्याच्या गोळ्या घेतल्या, तर तो पोरगा म्हणाला, "गिऱ्हाइकांची माहिती देता येत नाही." "मी काय त्यांची मूळव्याध विचारतेय का?" असं म्हणून ती बाहेर पडली. पाव बगलेत, गोळ्या पिशवीत, आणि पाय दुखायला लागलेले. मग तिला अक्कल सुचली. म्हातारे जिथं सोंगट्या खेळत बसतात तिथं जायला हवं, माहिती तिथं फुकट मिळते.

चार म्हातारे होते. तिने नावं घेतली मात्र, त्यातला सगळ्यात जाडा खो खो हसायला लागला.

"एवेलिओ? तलवारवाला एवेलिओ!"

कासिल्दाने पाव बाकड्यावर ठेवला. "तलवारवाला का?"

"अहो, रोज सकाळी खिडकीत तलवार घेऊन उभा असायचा. बनियनवर! आम्ही जाता-येता खालून ओरडायचो, 'काय सेनापती, लढाई कुणाशी?' बस चालवायचा तो, दुपारच्या पाळीला. मागच्या हिवाळ्यात गेला."

"रोज सकाळी? तलवार घेऊन? आणि बायको?"

"बायको आत. ती नाही दिसायची कधी." म्हाताऱ्याने सोंगटी आपटली. "तिचं तिलाच विचारा. त्या पिवळ्या दारातून, तिसरा मजला. एवेलिओ गेल्यापासून ती काही खाली उतरत नाही."

बायको दिसायची नाही. कासिल्दाला ते वाक्य जिना चढेपर्यंत पुरलं. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. परत जावं का? आत एखादी बाई असेल, जन्मभर मार खाल्लेली, आणि आपण तिच्यासमोर तीच तलवार नाचवत जाणार. पण बाईला राहवेना. मरिया मातेचं नाव घेतलं आणि घंटी दाबली.

दार उघडलं ते एका बारीकशा, नीट केस विंचरलेल्या बाईने. भर दुपारी घरात दिवा लावलेला. मागची मोठी खिडकी शटर पाडून पूर्ण बंद.

"ओब्दुलियाताई?"

"हो. काय विकताय?"

"काही नाही हो. मी..." कासिल्दाने नुसता टॉवेल उलगडला.

ओब्दुलियाने तलवार बघितली. मग तिने हात पुढे केला, डाळिंबाच्या सपाट झालेल्या डोक्यावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "अगं बाई. ही कुठं सापडली तुम्हाला? पोरगा तळघरात ठेवलीय म्हणाला होता."

"बाजारात. मंगळवारच्या."

"विकली?" ती खुर्चीवर बसली. "विकली तर. गाढव आहे तो. मनाने चांगला आहे, पण गाढव." मग कासिल्दाकडे वर बघून म्हणाली, "बसा ना. उभ्या का? कॉफी करते."

कॉफी झाली. सोबत बदामाच्या मिठाईचे दोन तुकडे आले. कासिल्दाने सगळं सांगितलं: कारखाना, डाळिंब, पोरीचं लग्न, विहीण, पैज. आणि शेवटी, कप खाली ठेवून, सरळ विचारलं, "ताई, राग मानू नका. हे हातात घेऊन तुमचा नवरा रोज काय करायचा?"

ओब्दुलिया तिच्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. "मरिया माते! तुम्हाला वाटलं तो मला..." तिने खिडकीकडे बोट दाखवलं. "शटर! शटरला टेकू लावायचा तो!"

"शटर?"

"त्या शटरचा पट्टा तुटला. पोरगा शाळेत होता तेव्हा. वर केलं की धाडकन खाली यायचं. एवेलिओ म्हणाला, उद्या बसवतो नवा पट्टा. तोवर भिंतीवरची तलवार काढली, शटर हाताने वर उचललं आणि तलवार खाली उभी केली. टोक कट्ट्यावर, डाळिंब शटरला. झालं. तो 'उद्या' काही आला नाही. मी दर वर्षी म्हणायचे, पट्टा बसव. तो म्हणायचा, चाललंय की. तेव्हा मी इस्पितळात रात्रपाळीला धुलाईला होते, पहाटे येऊन झोपायचे. तर माझी झोप पुरी होईपर्यंत तो शटर उघडायचा नाही. मग हळूच उचलायचा आणि तलवार लावायचा. टक असा आवाज यायचा. डोळे मिटलेले असले तरी मला कळायचं, उठला हा, ऊन आलं, कॉफी चढवली असेल. नोकरी सुटली, म्हातारे झालो, तरी तेच. टक."

कासिल्दा बंद शटरकडे बघत होती. टोक का दुमडलं, पातं का वाकलं, डाळिंब कशाने घासलं, एकेक जागेवर बसत गेलं. एरवी अशा वेळी तिचा जीव थंड व्हायचा. आज झाला नाही.

"एका सकाळी आवाज आलाच नाही," ओब्दुलिया म्हणाली. "मी अंथरुणात वाट बघत पडले. अंधारच. मला वाटलं, झोपू दे त्याला." तिने मिठाईचा तुकडा मोडला आणि खाल्ला नाही. "मग पोराने हे विजेचं बसवलं. बटण दाबलं की घुर्रर्र करत वर जातं. त्याला वाटलं, आईची सोय होईल. मी नाही दाबत. तो आवाज मला सहन होत नाही हो."

मग ओब्दुलिया उठली, तलवार उचलली आणि कासिल्दाच्या मांडीवर ठेवली.

"न्या ही. तुम्ही पैसे मोजलेत. पोरीला सांगा, घरात एकदाही हात उगारला नाही एवेलिओने. आळशी होता, घोरायचा, मोज्यांचे गोळे करून टाकायचा. पण संसार चांगला झाला. सांगा तिला."

झालं की! कासिल्दा जिंकली होती. पैज तिच्या बाजूने लागली होती आणि तलवार मांडीवर होती. पोरीच्या लग्नात, सगळ्यांसमोर, सेद्रोनची तलवार, आईच्या हातची. तिला ती हवी होती, किती हवी होती ते तिचं तिला ठाऊक. तिने टॉवेल गुंडाळायला घेतला. अर्धा गुंडाळला. आणि मग तिचं लक्ष गेलं, ओब्दुलियाचा हात अजून डाळिंबावरच होता. 'न्या' म्हणत होती आणि हात काढत नव्हती.

"छे हो," कासिल्दा म्हणाली. "वाकलीय ही. केकचं पिठलं होईल."

"अहो पण तुमची पोरगी..."

"पोरीला विहीणबाईंची सोन्याच्या तारेची आहे. ही इथली. ठेवा."

ओब्दुलियाने ती दोन्ही हातांनी घेतली. दोन पावलं खिडकीकडे गेली, आणि एकदम वळली. "थांबा, थांबा! पातं फुकट घेऊ का तुमच्याकडून? आताच तर ओळख झालीय, ती तुटायला?" तिने कपाटाचा खण ओढला, बटणं आणि दोरे चाळले आणि युरोआधीच्या चलनातलं, पाच पेसेतांचं एक जुनं नाणं कासिल्दाच्या हातावर ठेवलं. "युरो मला पावाला लागतो. हे घ्या. हे आमच्या लग्नाच्या वेळचं आहे."

कासिल्दाने नाणं मुठीत घट्ट धरलं. जिन्यावर येईपर्यंत ती शहाण्यासारखी वागली. जिन्यावर तिने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. "कशाला गेलीस मुडदे? कोण मरत होतं तुझ्या चौकशीवाचून? गप्प बसली असतीस तर?" तेवढ्यात वरून, बंद दारामागून, आधी घुर्रर्र असा आवाज आला, आणि मग टक. कासिल्दा पायरीवर बसली आणि नाक शिंकरून मगच खाली उतरली.

घरी तिने नोएलियाला सगळं खरं सांगितलं. नोएलिया रडली, हसली, म्हणाली, "आई, मग आता तुझी तलवार?" "नाही माझी तलवार. संपलं. विहीणबाईंना फोन कर," कासिल्दा म्हणाली आणि कांदा चिरायला बसली. बेगोन्याने फोनवर एकही टोमणा मारला नाही, हेही सांगायला हवं.

लग्न झालं नदीपलीकडच्या टेकडीवर, बागेतल्या हॉलमध्ये. समोर अख्खं गाव दिव्यांनी उजळलेलं. केक आला, तीन मजली. बेगोन्याने मखमली उशीवरून तलवार आणली. काळ्या मुठीवर सोन्याची तार, वेलीतून बसलेले पक्षी. कासिल्दाने अंदाज घेतला: काम चोख आहे, नावं ठेवायला जागा नाही. तिला बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं. ती मागे खांबाजवळ उभी राहिली.

"घे, पोरी," बेगोन्या म्हणाली. "माझ्याकडून तुम्हाला दोघांना भेट." नोएलियाने हात पुढे केले.

"थांब!" कासिल्दा एवढ्या जोरात ओरडली की वाजवणारे थांबले. "नाणं दिलंस?"

"कसलं नाणं?" बेगोन्या.

"अहो विहीणबाई, पातं आहे ते! सासूने सुनेला फुकट द्यायचं? पहिल्याच दिवशी?"

बेगोन्याचा चेहरा पांढरा झाला. घाईच्या भरात बाई विसरली होती. "अगं बाई, खरंच की! गोन्सालो, नाणं काढ!"

गोन्सालोने नव्या सुटाचे सगळे खिसे चाचपले. खिसे शिवलेलेच होते. "मोबाइलवरून पाठवू का?" तो म्हणाला, आणि त्याच्या मित्रांनी हसून टेबलं बडवली. मग त्याला सुचलं, "चर्चमध्ये लग्न लागताना नोएलियाला दिली ती तेरा नाणी आहेत की!"

"त्यांना हात लावायचा नाही, ती संसाराची," कासिल्दा म्हणाली. "सरका."

ती खांबाजवळून पुढे आली. पाकीट उघडलं. बाजूच्या कप्प्यात, दोनातोच्या फोटोमागे, ते पाच पेसेतांचं नाणं होतं. तिने ते नोएलियाच्या हातावर ठेवलं. नोएलियाने बघितलं आणि ती आईकडे बघत राहिली. तिला कळलं होतं ते कुणाचं आहे. मग तिने ते बेगोन्याच्या तळहातावर ठेवलं.

बेगोन्याने नाणं उजेडात धरलं. "हे तर आता चालतही नाही."

"तलवारीला चालतं."

बेगोन्याने मूठ मिटली. घाईची बाई, पण त्या क्षणी तिने अजिबात घाई केली नाही. ती म्हणाली, "मग, विहीणबाई, ही तलवार काही माझी भेट राहिली नाही. तुम्ही घेतलीत ही पोरीसाठी. तुमच्या हातची झाली." आणि तिने तलवार नोएलियाला दिलीच नाही. ती वळली आणि कासिल्दाच्या हातात दिली.

मूठ थंड होती, नवी, गुळगुळीत. कासिल्दाने सवयीने अंगठा फिरवून बघितला. मग तिने पोरीचा हात घेतला, जावयाचा घेतला, दोन्ही मुठीवर बसवले आणि वरून आपला दाबला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आज जवळपास कुठं कांदा नव्हता.

"भिंतीवर टांगून ठेवू नका हं," ती म्हणाली. "घरात काही ना काही मोडेलच. तेव्हा वापरा."